शनिवारी बाराची भेट

शपथ मी घेणार नाही. आमच्यात उठसूट शपथ घेत नाहीत.

पण ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या मावसभावाच्या बाबतीत घडलेली. त्याने ती माझ्यासमोर बसून, माझ्या हातचा चहा गार करत सांगितली. तो सांगत होता तेव्हा त्याची नजर माझ्यावर नव्हती. दारावर होती.

गाव लोद. इस्रायलमधलं, विमानतळाला खेटून असलेलं. साल २००३.

आणि भुतं फक्त रात्री येतात असं ज्यांना वाटतं त्यांना आधीच सांगते... यातलं अंगावर येणारं काहीही रात्री घडलेलं नाही. ते सगळं भर दिवसा, लख्ख उन्हात, घरात माणसं असताना घडलंय.

मी ठाण्याला असते. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमचे वाडवडील अलिबाग-रेवदंड्याकडे तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. म्हणून गावकरी आम्हाला ‘शनवार तेली’ म्हणत. शनिवार म्हणजे आमचा शाबात, शुक्रवारच्या संध्याकाळपासून शनिवारी तारे दिसेपर्यंत. त्या दिवशी काम नाही म्हणजे नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझी मावशी लग्न होऊन इस्रायलला गेली ती गेलीच. नदाव तिचा मुलगा. जन्म तिकडचा, भाषा हिब्रू, पण आईच्या धाकाने मराठी बोलतो, मोडकंतोडकं का होईना.

नदाव वाईट माणूस नाही. त्याला खोड एकच.

जळकुटा आहे.

लहानपणी सुट्टीत ते लोक इथे आले होते. मावशीने मला मांडीवर घेतलं तर हा पठ्ठ्या येऊन माझ्या दंडाला चावला. खूण अजून आहे. तर असं ते ध्यान मोठं झालं, कॉम्प्युटर शिकलं आणि लोदच्या एका छोट्या कंपनीत लागलं. लोकांच्या वेबसाइट सांभाळायचं काम.

त्याच ऑफिसात फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी घ्यायला झिवा होती. आमच्यातलीच, डिमोना गावची. नदावचा तिच्यावर जीव जडला होता, पण उपयोग नव्हता. झिवाचं लग्न ठरलं होतं. मुलाचं नाव ओमेर. येरुहामचा. मेंदीचा दिवससुद्धा ठरला होता.

मेंदीच्या आधीच ओमेर गेला. नेगेवच्या वाळवंटातल्या रस्त्यावर त्याची मोटारसायकल घसरली. जागच्या जागी संपला.

पुढे वर्षभराने नदावने हिंमत करून झिवाला विचारलं. ती हो म्हणाली. इतक्या चटकन हो म्हणाली की त्यालाच नवल वाटलं.

लग्न झालं. झिवाने ऑफिस सोडून एका शाळेत नोकरी धरली. तिचे वडील हासाजी एकटे होते, तेही डिमोनाहून लोदला यांच्याकडे राहायला आले. संसार दृष्ट लागण्यासारखा होता. झिवाने लग्नानंतर ओमेरचं नाव एकदाही काढलं नाही.

शहाण्या माणसाला बरं वाटलं असतं.

नदावला वाटलं, लपवतेय.

ती खिडकीशी उभी राहिली की याच्या मनात यायचं, त्याचाच विचार करत असणार. ती गाणं गुणगुणली की वाटायचं, त्याच्या आवडीचं असणार. जिवंत माणसाशी भांडता येतं हो. मेलेल्याला पाण्यात पाहणारा माणूस कोणाशी भांडणार?

त्या ऑगस्टमध्ये ऑफिसात नवीन मशीन आलं.

आता थोडं कॉम्प्युटरचं सांगावं लागेल. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, नदावने सांगितलं तेच सांगते. सर्व्हर म्हणजे कधी न झोपणारा कॉम्प्युटर. त्यात एक ओळ लिहून ठेवायची, की अमुक वारी, अमुक वाजता, अमुक वेबसाइटचं पान उघड. मग तो ठरल्या वेळी ते पान आपोआप उघडत राहतो. माणूस लागत नाही.

“मशीनने जायचं, दार ठोठावायचं,” नदाव म्हणाला, “आतून कोणी ओ दिली की परत यायचं. बस.”

ऑफिसातल्या मशीनना नावं होती. सगळ्यात जुन्याचं नाव योना. योनामधल्या असल्या सगळ्या ओळी नवीन मशीनमध्ये हलवायचं काम नदावकडे आलं. कुठल्या दुकानाची साइट, कुठल्या दवाखान्याची साइट... एकेक ओळ बघायची, नवीन मशीनमध्ये लिहायची, पुढे जायचं.

शेवटून दुसरी ओळ त्याला ओळखीची वाटेना.

दर शनिवारी. दुपारी बारा वाजता. एकच पान उघडायचं.

त्याने ते पान स्वतः उघडून बघितलं... आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

ओमेरचं पान होतं.

तेव्हा तरुण मुलं फुकटच्या जागेवर स्वतःची पानं बनवायची, तसलं. येरुहामच्या तळ्यावरच्या पक्ष्यांचे फोटो. मोटारसायकलचा फोटो. झिवाचा एक फोटो, हसतानाचा. खाली एक छोटा माणूस फावड्याने खणतोय असं हलतं चित्र आणि शेजारी लिहिलेलं, ‘इथे लवकरच लग्नाचे फोटो येतील.’

सगळ्यात खाली आकडा. आजवर किती लोक आले. आणि त्याखाली, शेवटचा पाहुणा कुठल्या मशीनवरून आला.

योना. शनिवार, बारा वाजता.

नदावला सगळं समजलं. म्हणजे त्याला तसं वाटलं. त्या फुकटच्या जागेचा नियम होता, की महिनाभर पानावर कोणी फिरकलंच नाही तर पान पुसून टाकायचं. झिवाने ऑफिसात असताना, कोणाकडून तरी शिकून, ते पान जगवायला ही ओळ लावली असणार. दर शनिवारी बारा वाजता, आपण नवरा-बायको जेवायला बसतो तेव्हा, तिच्या वतीने हे मशीन त्याला भेटून येतंय.

माझ्या ऑफिसातलं मशीन. माझ्या नाकावर टिच्चून.

त्याने झिवाला काही विचारलं नाही. ती ओळ नवीन मशीनमध्ये लिहिली नाही. योना बंद केला, प्लग काढला, उचलून मागच्या अडगळीच्या खोलीत ठेवला.

महिनाभरात पान आपोआप मरणार. सुंठीवाचून खोकला जाणार.

आता गंमत ऐका. पान मेलं का, हे बघायला हा रोज त्या पानावर जायचा. आणि हा गेला की पान जगायचं! हा पाहुणा म्हणून मोजला जायचा ना. हे त्याच्या डोक्यात शिरायला आठवडा लागला. मत्सराने माणसाची अक्कल कशी गहाण पडते बघा.

मग मात्र त्याने मन घट्ट करून तिकडे जाणं सोडलं. महिना उलटल्यावर एका शुक्रवारी ऑफिस सुटताना उघडून बघितलं.

‘हे पान आता अस्तित्वात नाही.’

पक्षी गेले. मोटारसायकल गेली. खणणारा माणूस गेला. झिवाचं हसू गेलं.

त्या संध्याकाळी तो शाबातसाठी फुलं घेऊन घरी गेला. झिवा खूश झाली. फुलं कशाबद्दल, ते तिला काय माहीत.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, तिघं जेवायला बसली. शाबातला आमच्यात विस्तव पेटवत नाहीत, वीज चालू-बंद करत नाहीत. कालवण शुक्रवारीच केलेलं, विजेच्या तव्यावर गरम राहिलेलं. दिव्यांना घड्याळ लावलेलं, आपोआप लागायचे, आपोआप विझायचे. शेजारीपाजारी सामसूम.

हासाजींनी प्रार्थना म्हटली. भाकरी मोडली.

आणि दारावर...

टक्.

एकदाच. बोटाच्या पेराने वाजवतात तसं.

“बघते,” झिवा म्हणाली आणि उठली.

दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. जिना रिकामा. खालचं लोखंडी फाटक वाजलं नव्हतं, जिन्यावर पाऊल वाजलं नव्हतं.

“शेजारची मुलं असतील,” ती म्हणाली आणि येऊन बसली.

नदावने घड्याळाकडे सहज बघितलं. बारा वाजले होते. त्याला काहीच वाटलं नाही.

पुढच्या शनिवारी पुन्हा.

बारा वाजले... टक्.

झिवा पुन्हा उठली. या वेळी नदावचं लक्ष तिच्याकडे गेलं. तिने केस नीट केले. मग दार उघडलं. कोणी नव्हतं, तरी ती क्षणभर उंबऱ्यातच उभी राहिली.

नदावच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. भुताची नव्हे. बायकोची!

“कोणाची वाट बघतेयस?”

“मी? कोणाची नाही.”

“मग कानात डूल कशाला?”

“नदाव, शाबात आहे,” ती म्हणाली. “दी. पुरे.”

शाबातला बायका जरा नीटनेटक्या असतातच. पण हे त्याला कोण समजावणार? त्याने आठवडाभर इमारतीतल्या एकूण एक पुरुषाकडे संशयाने बघितलं. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बेकरीवाल्याकडेसुद्धा.

मग ऑक्टोबर आला. तिकडे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात आणि योम किप्पूरच्या उपासाआधी पुन्हा मागे घेतात. कुठल्या तारखेला, ते दर वर्षी वेगळं ठरायचं. त्यामुळे कॉम्प्युटरना हाताने सांगावं लागायचं, की बाबांनो, आजपासून तास मागे. नदावने ऑफिसातल्या सगळ्या मशीनना सांगितलं. घरातली घड्याळंही मागे केली.

शनिवार आला. नदावने ठरवलं होतं, आज चोर पकडायचाच. बाराच्या जरा आधी जिन्यात जाऊन उभं राहायचं.

तो आरामखुर्चीत पेपर वाचत होता. झिवा खिडकीशी होती. बाराला अजून तास बाकी होता.

टक्.

नदाव वीज पडल्यासारखा उठला. तीन ढांगांत दार गाठलं, उघडलं...

रिकामा जिना.

तो वळला. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजत होते. अकराच का?

आणि मग त्याच्या ध्यानात आलं.

दुसऱ्या कोणालाही हे कळलं नसतं. त्याला कळलं, कारण त्याचा धंदाच तो. बदललेली वेळ त्याने सगळ्या मशीनना सांगितली होती. एकच मशीन राहिलं होतं. त्या मशीनच्या हिशेबाने आत्ता अकरा नव्हते वाजले.

बारा वाजले होते.

दुसऱ्या दिवशी, रविवारी (तिकडे कामाचा आठवडा रविवारी सुरू होतो), सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या तो अडगळीच्या खोलीत गेला. तुटक्या खुर्च्या. रिकामी खोकी. कोपऱ्यात योना, जसा ठेवला होता तसाच. वर धूळ. वायर गुंडाळलेली, प्लग वरच ठेवलेला.

त्याने हात पुढे केला. पत्र्यावर तळवा टेकवला...

गरम होता.

नुकतंच कोणी काम करून थांबावं, तसा.

आता तुम्ही म्हणाल, इथे तरी शहाण्याने बायकोला सगळं सांगावं. नाही सांगितलं. सांगायचं म्हणजे ओळ काढली हे कबूल करायचं. आणि ओमेरचं नाव आपल्याच तोंडाने आपल्याच घरात घ्यायचं. तेवढं मात्र त्याला मरणाहून अवघड वाटत होतं.

तो गेला सासऱ्याकडे. आडवळणाने.

हासाजी गॅलरीत बसून होते. जन्म रेवदंड्याचा, तरुणपणी मुंबई, मग डिमोनाच्या कारखान्यात उभी हयात. हिब्रू कामापुरती. मराठी मात्र तेव्हाची, जशीच्या तशी.

“अंकल,” नदावने विचारलं, “शनिवारी दार कोण वाजवतं, तुम्हाला काय वाटतं?”

हासाजींनी उलटंच विचारलं.

“तुजी ती ऑफिसातली मशीनं,” ते म्हणाले, “शनवारी बंद असतात काय रे?”

“नाही. ती चालतात.”

“कोन चालवतं?”

“कोणी नाही, अंकल. काम लावून ठेवलेलं असतं. आपोआप चालतं.”

“आपोआप काय पन न्हाय होत, पोरा.” हासाजींनी मान हलवली. “माजा एक चुलता व्हता. लई हावरा. शनवारी आपन घान्याला हात लावायचा न्हाय, म्हनून त्यानं गडी ठेवला. त्याला बोलला, तू बैल हाक, मी बघत न्हाय. असं काम लावून दिलं. मंग तो गडी साप चावून मेला. चुलत्यानं भिऊन शनवारचा घाना बंद केला. बैल गोठ्यात, घान्याला कुलूप. आनि शनवारी दुपारी...”

“काय?”

“घाना फिरायचा आवाज. करकर, करकर. पन घान्यात न्हाय बरं का. चुलत्याच्या घरात. पार खाटंखाली.”

नदावची नजर खाली फरशीकडे गेली.

“लावलेलं काम कोन तरी करत असतं,” हासाजी म्हणाले. “त्याची जागा तू मोडलीस, तर तो जानार कुटं? तुज्याच दारात येनार.”

“मी काय मोडलं?”

“मला काय ठावं? मी न्हाय विचारत.” म्हाताऱ्याने तोंड फिरवलं. “पन झिवाला तरास झाला तर बघ.”

सणांचे दिवस गेले. प्रत्येक शनिवारी अकरा वाजता टक् व्हायचंच. नदाव घरात असला की आता तोच दार उघडायला जायचा. झिवाला उठूच द्यायचा नाही. भीती होतीच, पण तिच्यावर मात केली होती जळफळाटाने. मेल्यावरही हा माणूस माझ्या बायकोला भेटायला येतोच कसा?

आणि मग तो शनिवार आला.

झिवाचं डोकं दुखत होतं. ती आतल्या खोलीत जाऊन पडली. तिने दार लोटून घेतलं. हासाजी देवळात, म्हणजे आमच्या सिनेगॉगमध्ये, गेले होते. नदावने ठरवलं, आज दार उघडायचंच नाही. तो बाहेरच्या दाराला आतून पाठ लावून उभा राहिला. खांदा दाबून. बघू कसा येतोस.

अकरा वाजले.

शांत.

बाहेरून काहीच नाही. जिन्यावर आवाज नाही. दाराला धक्का नाही. नदाव मनात म्हणाला, हरला. भ्याला मला.

तेवढ्यात...

टक्.

पाठीमागे नव्हे. समोर. आतल्या खोलीच्या दारावर.

आणि आतल्या बाजूने.

आत झिवा बोलत होती. हळू आवाजात. माणूस उशाशी बसलेल्याशी बोलतो, तसं. शब्द कळत नव्हते. मग ती हसली.

हे सांगताना नदाव माझ्यापुढे रडला. म्हणाला, “ताई, भुताची भीती मी विसरलो. ते हसणं मी एकाच ठिकाणी बघितलं होतं. त्याच्या पानावरच्या त्या फोटोत. लग्नानंतर माझ्या वाट्याला ते कधी आलं नव्हतं.”

त्याने धावत जाऊन दार ढकललं. दार सहज उघडलं.

झिवा गाढ झोपली होती. एकटी. कुशीवर, पलंगाच्या दुसऱ्या बाजूकडे तोंड करून.

दुसरी बाजू म्हणजे नदावची बाजू.

तिथली चादर दबलेली होती. उशीला खळगा होता. त्याने हात लावला...

गरम.

झिवाने डोळे उघडले. त्याला बघून घाबरली नाही.

“मा कारा? काय झालं? तुझा चेहरा असा का?”

“कोणाशी बोलत होतीस?”

ती उठून बसली आणि लग्नानंतर पहिल्यांदा ते नाव तिने घेतलं.

“ओमेर स्वप्नात आला होता. रागावला नव्हता. म्हणाला, हल्ली मला भेटायला कोणी येत नाही. म्हटलं, आता आपणच जावं.” तिने नदावचा हात धरला. “नदाव, ते पान ठीक आहे ना? तू बघतोस ना त्याच्याकडे?”

“मी?”

“तूच ना. योनामधली ओळ.”

नदाव पलंगाच्या कडेवर बसला.

“मला सगळं माहीत आहे,” झिवा म्हणाली. “तो गेला, त्यानंतरचा पहिला शनिवार. पान पुसलं जाईल म्हणून मी रडत बसले होते. रविवारी उघडून बघितलं तर खाली लिहिलेलं, शेवटचा पाहुणा योना. पुढच्या आठवड्यात पुन्हा योना. दर शनिवारी. आपल्या ऑफिसात हे तुझ्याशिवाय येतं कोणाला? तू मला कधी बोलून दाखवलं नाहीस. माझ्या मेलेल्या माणसाला माझ्यासाठी जपत होतास, आणि चकार शब्द नाही.”

तिचे डोळे भरले.

“म्हणून तर मी तुला हो म्हटलं.”

त्याने ती ओळ कधीच लावली नव्हती.

त्याला वाटत होतं, झिवाने लावली. झिवाला वाटत होतं, त्याने लावली. आणि नदावशिवाय ऑफिसात दुसऱ्या कोणाला ते येत नव्हतं.

मग ती ओळ कोणी लावली?

आणि आता काय करायचं? शाबात होता. संध्याकाळी आकाशात तारे दिसेपर्यंत कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. पण खरं सांगू? त्या दिवशी त्याने शाबातही मोडला असता. अडचण वेगळीच होती. ऑफिसला जायचं म्हणजे झिवाला घरात सोडून जायचं.

त्याच्याजवळ.

म्हणून नदाव खोलीच्या उंबऱ्यात खुर्ची टाकून बसला. संध्याकाळपर्यंत. तिच्यावरून नजर हलवली नाही. झिवाला वाटलं, डोकं दुखतंय म्हणून काळजी करतोय.

तारे दिसले. हासाजींनी शाबात सोडवला. नदाव झिवाला म्हणाला, “चल माझ्याबरोबर. नवीन मशीन आलंय, ती ओळ तिकडे हलवायची राहिलीय.”

एवढंच बोलला. खोटं नाही आणि खरंही नाही.

ऑफिसात ती त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. त्याने ओळ लिहिली. दर शनिवारी. दुपारी बारा वाजता. एकेक अक्षर सावकाश, रेंगाळत. कारण पुढचं त्याला माहीत होतं. पान उरलंच नव्हतं. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. आता ही म्हणणार, उघडून दाखव. मग ते वाक्य येणार, ‘हे पान आता अस्तित्वात नाही.’ मग ही विचारणार, असं कसं झालं? कधी झालं? तू काय करत होतास?

आणि मग तिला कळणार, आपण कोणाशी लग्न केलं ते.

“उघड ना,” झिवा म्हणाली. “बऱ्याच दिवसांत बघितलं नाही.”

त्याने डोळे मिटले. कळ दाबली.

बराच वेळ काहीच झालं नाही...

मग झिवा हळूच म्हणाली, “बघ. अजून खणतोय.”

त्याने डोळे उघडले.

तळ्यावरचे पक्षी. मोटारसायकल. तिचा हसरा फोटो. फावडं मारणारा छोटा माणूस. ‘इथे लवकरच लग्नाचे फोटो येतील.’ सगळं जागच्या जागी. खाली पाहुण्यांचा आकडा, मध्ये काही घडलंच नाही असा सलग. आणि शेवटचा पाहुणा...

योना. आजच. बारा वाजता.

झिवाने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. “तोदा, नदाव,” ती म्हणाली. म्हणजे, तुझे उपकार.

ज्याला त्याने पुसून टाकलं होतं, त्यानेच त्याची लाज राखली होती.

निघताना नदाव अडगळीच्या खोलीत डोकावला. योनाला हात लावला. थंडगार होता. त्यानंतर घराचं दार कधी वाजलं नाही.

हे सगळं त्याने मला गेल्या डिसेंबरात सांगितलं. अलिबागजवळ खंडाळ्याला, जिथे आमचा प्रेषित एलियाहू हनाबी याच्या रथाच्या चाकाची खूण आहे असं आम्ही मानतो, तिथे नवसाचं मलिद्याचं ताट करायला तो एकटाच आला होता. कसला नवस, ते झिवाला सांगितलं नव्हतं. परतताना दोन दिवस माझ्याकडे ठाण्याला राहिला.

मधल्या वर्षांत त्याने दोन नोकऱ्या बदलल्या. ती ओळ प्रत्येक नोकरीत बरोबर नेली. ती फुकटच्या पानांची कंपनी तर आता कायमची बंद झालीय. तिची मशीनं विकली गेली. तिथे काहीही नाही. कोणीही नाही.

“मग तुझी ओळ कुठे जाते?” मी विचारलं.

त्याने मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं.

शनिवारच होता तो. चहासुद्धा मी शुक्रवारीच करून थर्मासात ठेवला होता. आपल्याकडे साडेतीन झाले, म्हणजे तिकडे बारा. नदाव बोलता बोलता थांबला. माझ्या घराच्या दाराकडे बघत राहिला. मीही बघत राहिले, उगाचच.

दार वाजलं नाही.

त्याचा फोन वाजला. शाबात असूनही तेवढा त्याने चालू ठेवला होता. मेसेज होता, सर्व्हरने पाठवलेला. त्याने तो मला दाखवला. मशीन जाऊन आलं होतं. आतून ओ मिळाली होती.

नदावने सुस्कारा सोडला. मी त्याची समजूत घातली, की अरे, आता कशाला जीव जाळतोस? दर शनिवारी तू त्याला भेटतोयस, तो गप्प आहे, बायको सुखात आहे. ती तुझ्यावर इतकं प्रेम करते.

“करते ना,” तो म्हणाला. “फार करते. पण जे बघून करते ना ताई... ते मी केलंच नव्हतं. ते त्याने केलं होतं.”

त्याने गार झालेला चहा तसाच ठेवला आणि देवळात जायला उठला.

मी ती ओळ, ते पान, काहीच बघितलेलं नाही. बघायची इच्छाही नाही. पण नदाव गेल्यापासून शनिवारी साडेतीनला मी घरात एकटी असले, तर शाबात असूनही टीव्हीचा आवाज जरा मोठा करून ठेवते.